दुरुस्तीला आणलेली जांभळी

ठकीला झोपवायचा रस्ता अठरा पावलांचा आहे. स्वयंपाकघराच्या दारापासून निघायचं, बोळातून सरळ गॅलरीच्या दारापर्यंत जायचं, वळायचं आणि परत यायचं. ठकी म्हणजे आमची मुलगी, वय महिने नऊ. या रस्त्यावर ती बावीस-चोवीस फेऱ्यांत झोपते, पण एका अटीवर. खांदा आजोबांचा हवा.

ही अट आम्ही मोडून पाहिली नाही असं नाही. नवऱ्याने तिला घेतलं की पाचव्या फेरीला तोच पेंगायला लागतो. सासूबाईंना, म्हणजे आईंना, वाटेत पडलेली वस्तू दिसली की उचलल्याशिवाय राहवत नाही. त्यामुळे त्यांच्या खांद्यावर ठकी दर दोन पावलांना खाली जाते आणि वर येते. हा प्रकार तिला अतोनात आवडतो, पण तो झोपेचा प्रकार नव्हे. आणि माझ्या खांद्यावर आली की तिला भूक आठवते. राहिले बाबा, माझे सासरे. त्यांचा खांदा रुंद, चाल घड्याळासारखी, आणि तोंडाने बारीक गुणगुण. गाणं नव्हे, एकच एक सूर. "म्म्म्म्म्." तो सुरू झाला की ठकीच्या पापण्या दुकानाच्या शटरसारख्या खाली येतात.

दुपारी दोन ते साडेतीन बाबा आणि ठकी बोळात, आणि मी वही घेऊन स्वयंपाकघरातल्या टेबलाशी. चोवीस तासांतले साडेबावीस मी सगळ्यांचे, हे दीड तास माझे. घरात हे कुणी बोलून दाखवलं नव्हतं, पण सगळ्यांना माहीत होतं.

असं सगळं सुरळीत चाललेलं असताना ठकीच्या पांगुळगाड्याचा कोपरा बाबांच्या नडगीला लागला.

लागला म्हणजे काय, खरचटलं. शर्टाच्या बटणाएवढी जखम. तीन आठवड्यांत ती कोटाच्या बटणाएवढी झाली. कोपऱ्यावरच्या दवाखान्यातला डॉक्टर तरुण आहे, इतका की आई त्याला आधी "जेवलास का रे?" विचारतात आणि मग तक्रार सांगतात. त्याने पाय पाहिला आणि म्हणाला, "आजोबा, औषध कमी आणि आराम जास्त. पाय छातीपेक्षा वर ठेवून पडून राहायचं. सहा आठवडे. चालणं अगदी गरजेपुरतं. आणि बाळ उचलायचं नाही."

"बाळ उचलायचं नाही" हे ऐकून बाबांनी माझ्याकडे पाहिलं आणि मी ठकीकडे. ठकी डॉक्टरच्या गळ्यातली नळी खात होती.

पाय वर ठेवून पडून राहणं हे ज्यांना जमतं ते जमतं. बाबा सातव्या मिनिटाला उठत. पडल्या पडल्या त्यांना छताच्या पंख्याचा एक स्क्रू ढिला दिसे, नाहीतर कुठलंतरी बिजागर कुरकुरलेलं ऐकू येई. आई ओरडत, "अहो, पाय!" बाबा म्हणत, "पायच चालवतोय ना, जखम कुठे चालवतोय?" इकडे ठकी दुपारभर टक्क जागी. संध्याकाळी पाचला ती भोकाड पसरायची आणि साडेपाचला मी. माझ्या वहीत पुढच्या तीन आठवड्यांत एकच वाक्य आहे, आणि तेही दुधाच्या बाटल्या उकळण्याबद्दल.

अशातच एका सकाळी बाबा गंभीरपणे म्हणाले, "जांभळीला खाली काढावं लागणार."

आई बँडेज कापत होत्या. कात्री तशीच उघडी ठेवून त्या म्हणाल्या, "भंगारवाल्याला द्यायची असेल तर शिडी मी धरते. पायाला लावायची असेल तर मी बहिणीकडे जाते."

जांभळी ही बाई नव्हे, हे आधी सांगते, कारण लग्नानंतर पहिले दोन महिने माझाही तोच समज होता. बाबा एका मोठ्या रुग्णालयात प्रकाशोपचार विभागात तंत्रज्ञ होते. मलमं आणि गोळ्या आजच्याइतक्या बोकाळल्या नव्हत्या तेव्हा, न भरणाऱ्या जखमांवर तिथे अतिनील किरण सोडत. त्या कामाचा तो दिवा: पुरुषभर उंच लोखंडी दांडा, त्यावर पातेल्याएवढा चकचकीत परावर्तक, त्यात एक नळी आणि पायाशी वायरी फुटलेलं जडशीळ लोखंडी खोकं. चालू झाला की जांभळा उजेड पडे, म्हणून जांभळी. पुढे विभाग बंद झाला. जांभळीत काहीतरी बिघाड होता म्हणून बाबांनी तिला 'किरकोळ दुरुस्तीसाठी' घरी आणलं. या गोष्टीला एकतीस वर्षं झाली. तेव्हापासून ती जुन्या चादरीत गुंडाळून माळ्यावर, आणि आईंच्या बोलण्यात 'सवत' या नावाने घरात आहे.

बाबांचं तिच्यावर एक भाषणही आहे. "नळी क्वार्ट्झचीच लागते. साधी काच चालत नाही. का? कारण काचेतून हा किरण जातच नाही. सगळा अडतो! खिडकीआड बसून कुणी रापलंय का कधी?" हे मी पहिल्यांदा माझ्या लग्नात ऐकलं, कशाबद्दल ते न कळता, पाहुणे हात धुवायला उठले होते तेव्हा. त्यानंतर महिन्यातून एकदा तरी. आईंनी किती वेळा ऐकलं असेल त्याचा हिशोब करायची माझी छाती नाही. त्या ते सुरू झालं की भाजी निवडायला घेत.

डॉक्टरला विचारलं तेव्हा तो म्हणाला, "आजोबा, हे यंत्र मी फक्त पुस्तकातल्या चित्रात पाहिलंय. हात जोडतो, जखमेवर नको." बाबांनी मान डोलावली. बाबा मान डोलावतात तेव्हा त्यांनी ऐकलेलं नसतं.

जांभळी खाली आली. तिला उतरवताना नवऱ्याची कंबर धरली आणि माळ्यावरचं गादीचं बोचकं बाबांच्या अंगावर पडलं, पण ती सुखरूप उतरली. फक्त चादर सोडल्यावर कळलं की नळी तडकलेली आहे.

"रुग्णालयाला अर्ज करू," बाबा म्हणाले. "भांडारात एक नळी जादा असायची."

"बाबा, एकतीस वर्षांनी?" नवरा म्हणाला.

"नळीला काय होतंय? ती काय आपल्यासारखी निवृत्त होते?"

अर्ज मी लिहिला, आणि इथे माझी चूक झाली. बाबांनी चार ओळी सांगितल्या होत्या. पण तीन आठवडे काही लिहायला न मिळालेल्या बाईच्या हातात कोरा कागद देऊ नये. मी दोन पानं लिहिली. 'सदर दिवा गेली एकतीस वर्षे दुरुस्तीच्या प्रतीक्षेत अंधारात उभा आहे' हे वाक्य तर मला इतकं आवडलं की मी ते दोनदा घातलं.

सहाव्या दिवशी दारावरची बेल वाजली. दारात रुग्णालयाचे स्टोअरबाबू. बारीक अंगकाठी, काखेत फाइल, हातात कापसात गुंडाळलेली लांब पेटी, आणि डोळ्यांत चक्क पाणी.

"तो अर्ज तुम्हीच लिहिलात?" त्यांनी मला विचारलं. "आमच्या ऑफिसात मोठ्याने वाचला, बाई. तीनदा."

लिहिणाऱ्या माणसाच्या आयुष्यात असे क्षण फार नसतात. मी नम्रपणे पदर सावरणार, तेवढ्यात लक्षात आलं की मी गाऊनवर आहे आणि खांद्यावर ठकीची ओकारी आहे.

पाणी मात्र माझ्या शैलीमुळे नव्हतं. स्टोअरबाबूंनी खुर्चीवर बसून खुलासा केला. त्यांच्या भांडारात एक क्वार्ट्झची नळी होती. ती भंगारात काढता येत नव्हती, कारण जिच्यात ती बसते ते यंत्र अस्तित्वात असल्याची नोंद होती. यंत्र भंगारात काढता येत नव्हतं, कारण ते दुरुस्तीत होतं. आणि ते कुणाकडे दुरुस्तीत आहे हे कुणालाच माहीत नव्हतं. त्यांच्या आधीचे तिघे भांडारप्रमुख या एका फाइलीपायी अंथरुणाला खिळले होते, असं ते म्हणाले. निदान एक तरी.

"मग आता घेऊन जा ना सगळंच," आई आशेने म्हणाल्या.

"छे हो वहिनी! दुरुस्त झाल्याशिवाय कसं नेणार? भंगारात काढायचं तर यंत्र आधी चालू पाहिजे. बंद यंत्र दुरुस्तीत धरतात, आणि दुरुस्तीतलं यंत्र भंगारात जात नाही."

ठकीने जांभई दिली, पण झोपली नाही.

"शिवाय," स्टोअरबाबूंनी फाइलीतून एक पिवळा कागद काढला, "दुरुस्ती झाली हे दाखवायला प्रत्यक्ष रुग्णावर उपचार झाला पाहिजे. आणि एकदा उपचार सुरू झाला की रुग्ण बरा झाल्याचा डॉक्टरी दाखला मिळेपर्यंत यंत्र जागेवरून हलवता येत नाही. नियम आहे. रुग्ण कोण?"

बाबांनी लेंगा गुडघ्यापर्यंत वर केला. त्या क्षणी त्यांच्या चेहऱ्यावर जे तेज आलं ते मी माझ्या लग्नातही पाहिलं नव्हतं.

म्हणजे आता डॉक्टर नको म्हणत होता आणि नियम हवं म्हणत होता. आपल्याकडे अशा वेळी काय होतं ते मी सांगायला नको.

नळी बसली. पण बाबा शिस्तीचे. "रुग्णावर थेट सोडायचा नाही. आधी मात्रा ठरवायची. विभागात जो नवा असेल त्याच्या हातावर पाच भोकांचा पुठ्ठा बांधायचो. एकेक भोक उघडत जायचं, दहा दहा सेकंदांनी. जे भोक जरासं लाल होईल ती मात्रा."

विभागात नवा म्हणजे नवरा. त्याने हात पुढे केला. लहानपणापासून तो असाच आहे, असं आई म्हणतात. पुठ्ठा मात्र कसरीने खाल्लेला होता. मला वेळेवर सुचलं, ठकीच्या खेळण्यांत एक जाड पुठ्ठा आहे, मोठेपणी तिने चित्रं गिरवावीत म्हणून आत्याने दिलेला. एका ओळीत कापलेली पाच बदकं. एक आई, चार पिल्लं.

"आकाराने काय फरक पडतो?" बाबा म्हणाले. "भोक ते भोक."

काळे चष्मे दोनच होते. एक बाबांना, एक नवऱ्याला. मी ठकीला घेऊन दाराबाहेर, हातात घड्याळ. आत खोकं सुरू झालं आणि दाराच्या फटीतून जांभळा उजेड आला. पहिलं बदक उघडंच होतं. "दहा!" मी ओरडले. दुसरं बदक उघडलं. "वीस!" तिसरं. "तीस!" "चाळीस!" पाचवं उघडलं, आणि बेल वाजली.

खालच्या मजल्यावरचे हेडसर. निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली तरी त्यांच्यासमोर उभं राहिलं की हात आपोआप मागे जातात. त्यांच्या हातात शाईही न वाळलेली लेखी तक्रार होती. "तुमच्या खिडकीतून जांभळा प्रकाश येतो आहे. हा काय प्रकार आहे? सोसायटीच्या नियमात जांभळा बसत नाही." मी सांगू लागले. मग ते सांगू लागले. मग त्यांनी आवाज खाली आणला, तक्रारीचा कागद उलटा केला आणि हळूच टक्कल पुढे केलं. "विज्ञानाचा माणूस आहे मी. या किरणाने केस येतात असं कुठंतरी वाचल्याचं स्मरतं. तेवढं बघा ना जरा."

"अगं, पन्नास झाले का?" आतून बाबांचा आवाज आला.

पन्नास होऊन फार वेळ झाला होता.

हातावर काहीच दिसेना. ना लाल, ना गुलाबी. बाबा दिव्याशेजारी खुर्चीत बसून राहिले. "नळी मेलेली दिसतेय," एवढंच म्हणाले आणि चहाही घेतला नाही. इतकं वाईट वाटलं, की नवरा म्हणाला, "बाबा, दुसरा हात देऊ का?"

सकाळी बाथरूममधून किंकाळी आली. आम्ही धावलो. नवऱ्याच्या उजव्या हातावर मनगटापासून कोपरापर्यंत बदकांचं कुटुंब चाललं होतं. आता मागे वळून पाहताना कळतं की पहिल्यांदा उघडलेलं बदक सगळ्यात जास्त वेळ उघडं होतं. ती आई. तिला दहा सेकंदांची चार पिल्लं आणि वर हेडसरांचं आख्खं टक्कल भोवलं होतं. ती टोमॅटोसारखी लाल, आणि मागची पिल्लं एकेक छटा फिकी.

"जिवंत आहे!" बाबा ओरडले. त्यांनी मुलाला मिठी मारली. "नळी जिवंत आहे!"

"बाबा, हात! हात!" नवरा ओरडला.

ऑफिसात त्याने पंधरा दिवस पूर्ण बाह्या घातल्या. तिसऱ्या दिवशी मीटिंगमध्ये चहा सांडला आणि बाही वर करावी लागली. मोठ्या साहेबांनी बदकं पाहिली, त्याला बाजूला घेतलं आणि खांद्यावर हात ठेवून विचारलं, "घरी सगळं ठीक आहे ना?" तो "हो" म्हणाला. साहेबांनी तरीही दोन दिवसांची रजा दिली. घरी येऊन तो म्हणाला, "नऊ वर्षांत इतक्या मायेने बोलला नव्हता तो माणूस." त्याला नक्की काय लागलं, बदकं की माया, हे मी विचारलं नाही.

त्या बदकांनी आई मात्र बदलल्या. दुसऱ्या दिवशी दुपारी त्या स्वतः म्हणाल्या, "हे बघा, करायचंच आहे ना? मग मी करते. चष्मा तुम्ही दाराबाहेरच लावायचा आणि दाराबाहेरच काढायचा. बटण मी दाबणार. आणि विभागात रुग्ण आधी अर्धा तास पाय वर करून पडायचा, नंतर एक तास पडायचा, असं तुम्हीच सांगायचात."

"असं मी सांगायचो?" बाबांनी विचारलं.

"एकतीस वर्षं ऐकतेय मी. तुम्हाला नाही आठवत?"

विभागाची शिस्त म्हटल्यावर बाबा विरघळले. डॉक्टरने सांगितलं तेव्हा सात मिनिटं पडू न शकणारा माणूस आता चार उशांवर पाय ठेवून रोज दीड तास पडू लागला. डोळ्यांवर ठार काळा चष्मा, हात पोटावर. पंख्याचा स्क्रू त्यांना दिसणंच शक्य नव्हतं. आई आत जात, दार लावून घेत, दोन मिनिटं मोजत आणि बाहेर येऊन म्हणत, "झालं. आता हलायचं नाही."

आणि पहिल्याच दुपारी ती गोष्ट घडली. शेजारच्या खोलीत मी ठकीला मांडीवर घेऊन बसले होते. भिंतीपलीकडे खोकं सुरू झालं. "म्म्म्म्म्." ठकीने मान वळवली. भिंतीकडे पाहिलं. पापण्या अर्ध्या आल्या, पाऊण आल्या, आणि शटर पडलं.

मी श्वास रोखून बसले. मग मला कळलं. बाबांचा तो एकच एक सूर गाण्याचा नव्हताच. तो जांभळीचा होता. आयुष्याची सगळी उमेदीची वर्षं तिच्याशेजारी उभं राहून काढल्यावर तो त्यांच्या छातीत उतरला होता, आणि तिथून खांद्यावाटे माझ्या मुलीच्या कानात. घरी आणल्यापासून जांभळी मुकी होती, पण तिची गुणगुण बोळातून रोज फिरत होती.

दोन मिनिटांत खोकं बंद झालं. ठकी जागी. मी तडक उठले आणि दारावर टकटक केली.

"बाबा, यंत्र आधी गरम व्हायला नको का? झाकण बंद ठेवून? निदान तासभर?"

आतून उशा सरकल्याचा आवाज आला. मग बाबा म्हणाले, "सूनबाई, हा विचार विभागातसुद्धा कुणी केला नव्हता."

असा सगळ्यांचा मेळ बसला. बाबांना जांभळी मिळाली, आईंना निपचित पडलेले बाबा मिळाले, मला माझा दीड तास मिळाला. हेडसरांना काही मिळालं नाही, म्हणून ते रोज सकाळी जिन्यात टक्कल पुसत उभे राहत. मंगळवारी स्टोअरबाबू येत, पट्टीने जखम मोजत आणि फाइलीत लिहीत. हॉलमधला बाबांच्या निरोपसमारंभाचा फोटोसुद्धा मला त्या दिवसांत उजळ वाटू लागला होता. हार घातलेले बाबा अगदी स्वच्छ दिसत होते. मला वाटलं, मन प्रसन्न असलं की असं होतं.

कोटाचं बटण शर्टाचं झालं. मग शर्टाचं बटण मसुराएवढं झालं. आणि एका सकाळी मी बाबांना गॅलरीत पकडलं. कठड्याला धरून ते येरझाऱ्या घालत होते. भराभर. दुखरा पाय मुद्दाम आपटत.

"बाबा!"

ते जागच्या जागी थिजले.

"काय करताय हे?"

"जरा... पाय मोकळे."

ते कठड्याकडे पाहत म्हणाले, "आता मसूर आहे. आठवड्यात भरेल. मग तो बाबू तिला घेऊन जाईल आणि हातोड्याने फोडतील. चालू यंत्र गं. चांगलं चालू यंत्र."

मला रागवायचं होतं. पण आतून ठकी रांगत आली, बाबांच्या पायाशी पोचली आणि तिने दोन्ही हात वर केले. दोन महिने ती रोज असे हात वर करत होती आणि दोन महिने बाबा दुसरीकडे बघत होते. आजही त्यांनी दुसरीकडे पाहिलं, पण या वेळी त्यांना ते नीट जमलं नाही.

"चला," ते म्हणाले. "उशा लाव. पाय वर घेतो."

पुढच्या मंगळवारी डॉक्टर घरी आला आणि स्टोअरबाबूही. जखमेच्या जागी गुलाबी, गुळगुळीत कातडी होती. डॉक्टर वाकून वाकून पाहत होता. "आजोबा, खरं सांगा, काय केलंत?"

"मी?" बाबांनी खुर्चीत पाठ सरळ केली. "मी नाही. जांभळी. तुम्ही पोरं आजकाल पुस्तकातलं चित्र बघून..."

त्यांचं भाषण रंगात आलं असताना आतल्या खोलीतून स्टोअरबाबूंचा आवाज आला. ते यादी वाचत होते. "दिवा एक. दांडा एक. परावर्तक एक. क्वार्ट्झ नळी एक. चष्मे दोन. आणि ही काय?" ते बाहेर आले. त्यांच्या हातात एक चौकोनी काच होती, कोपऱ्यांना कपडे वाळत घालायचे चार चिमटे. "कपाटामागे होती. हिच्यावर दिव्याच्या आकाराचा डाग आहे. ही यादीत नाही."

मी हॉलमधल्या फोटोकडे पाहिलं. फोटोच्या चौकटीत काच नव्हती. बाबा उजळले नव्हते, नुसते उघडे होते.

"ती काच..." बाबा सावकाश म्हणाले, "दिव्यापुढे..."

"रोज," आई म्हणाल्या. "तुम्ही चष्मा लावून आत आलात की लावायची, उठायच्या आधी काढायची."

"अगं, पण काचेतून हा किरण जात..."

"...नाही. सगळा अडतो. खिडकीआड बसून कुणी रापलंय का कधी." आईंनी हात पुसले. "पोराच्या हातावर बदकं उठली, मी तुमची नडगी त्या दिव्यापुढे धरू देईन होय? म्हटलं, एकतीस वर्षं ऐकतेय, एकदा तरी उपयोग करावा."

डॉक्टर हळूच म्हणाला, "म्हणजे आजोबा सहा आठवडे फक्त पाय वर करून पडले होते."

"मी सांगितलं असतं तर पडले असते का?" आईंनी विचारलं. "तू सांगितलंस, पडले? जेवलास का तू?"

बाबांनी काच हातात घेतली. उजेडाकडे धरली. आम्हाला वाटलं, आता चार दिवस अबोला. स्टोअरबाबूंनी तर फाइल छातीशी धरली. बाबा म्हणाले, "चिमटे कुठे लावलेस?"

"परावर्तकाच्या कडेला. चारी बाजूंनी."

"उजेड कडेने गळत होता?"

"रुमाल लावला होता."

बाबांनी काचेवरच्या डागावरून बोट फिरवलं. "विभागात तेवीस शिकाऊ येऊन गेले," ते शेवटी म्हणाले. "एकालाही रुमाल सुचला नसता." आणि त्यांनी जाऊन काच पुन्हा आपल्या फोटोला बसवली. बसवताना ती उगाचच दोनदा पुसली.

दाखल्यावर सही झाली. जांभळी निघाली. दांडा, परावर्तक, नळी, चष्मे. लोखंडी खोक्यापाशी स्टोअरबाबू थांबले, यादी वरून खाली आणि खालून वर वाचली. "हे यादीत नाही."

"अहो, याच्याशिवाय दिवा लागत नाही," बाबा प्रामाणिकपणे म्हणाले.

"लावायचा कुठाय? भंगारात जायचाय. यादीत नसलेली वस्तू भंगारात गेली तर मला दुसरी फाइल उघडावी लागेल." हे बोलताना ते शहारले. खोकं राहिलं.

ते आता बोळाच्या कोपऱ्यात आहे. नुसतं जोडलं तरी गुणगुणतं. त्या दुपारी दोनला मी बटण दाबलं, ठकी पाळण्यात तीन मिनिटांत झोपली आणि मी वही उघडली. किती सोपं. कुणी चालायला नको, कुणाचा पाय दुखायला नको. उद्यापासून मी दोन तासही लिहू शकले असते.

मान वर केली तेव्हा बोळाच्या तोंडाशी बाबा उभे होते. पायात चपला, खांद्यावर ठकीचं फडकं नीट घडी करून टाकलेलं. डॉक्टरने परवानगी दिल्यावर त्यांनी ते स्वतः धुऊन वाळवलं होतं. त्यांनी पाळण्याकडे पाहिलं, मग खोक्याकडे. "झोपली होय," म्हणाले. "छान. छान झालं." आणि खांद्यावरचं फडकं काढू लागले.

मी उठले. पाणी प्यायला उठल्यासारखी बोळापर्यंत गेले आणि येता येता पायाने खोक्याची पिन भिंतीतून सोडवली. गुणगुण थांबली. पाळण्यात चुळबुळ झाली, मग कुरबुर, मग नेहमीची आरोळी.

"अरेच्चा," मी म्हणाले. "बंद पडलं वाटतं, बाबा."

आयुष्यभर बंद पडलेली यंत्रं उघडून बघितलेल्या माणसाने खोक्याकडे वळूनही पाहिलं नाही. पिन जमिनीवर लोळत होती, ते तिला ओलांडून पाळण्याकडे गेले. "जुनं झालंय गं ते," म्हणाले. "दुरुस्ती करायला हवी. बघू सावकाश."

आता ते बोळात आहेत. अठरा पावलं तिकडे, अठरा पावलं इकडे. सातवी फेरी चालू आहे. "म्म्म्म्म्."